पेंडीतल्या प्रथिनाने प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल कसं धरायचं: छोट्या युनिटसाठी पायरी-पायरीने

प्रथिनयुक्त कारखानी कचरा म्हटला की पहिल्यांदा पनीरचं पाणी आठवतं. झुरिचच्या ईटीएच संस्थेत राफाएले मेत्सेंगा आणि श्रीनाथ बोलिशेट्टी यांनी २०१६ मध्ये दुधाच्या निवळीतल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाचे तंतू केले, ते सक्रिय कोळशात मिसळून पडदा बनवला आणि त्यातून शिसं, पारा यांसारखे जड धातू गाळून दाखवले. ते वाचून अनेक जण थेट पनीरवाल्याकडे कॅन घेऊन जातात आणि हात हलवत परततात. कारण साधं आहे. आपल्याकडे पनीरसाठी दूध ८५-९० अंशांपर्यंत तापवून मग फाडतात. त्या तापमानाला निवळीतलं प्रथिन केसिनला चिकटून पनीरमध्येच निघून जातं. उरलेल्या पाण्यात साखर आणि क्षार जास्त, प्रथिन नावापुरतं. चक्क्याच्या पाण्याचीही तीच गत, कारण दही लावायचं दूध आधी उकळलेलं असतं. रेनेट घालून केलेल्या चीजची निवळी मिळत असेल तरच त्या वाटेने जा.

ठाणे-नवी मुंबईत त्याहून सोयीचा माल आहे तो पेंडीचा. सॉल्व्हंटने तेल काढलेली शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, पशुखाद्याच्या व्यापाऱ्यांकडे पोत्याने मिळते. तिच्यात साधारण ४५ टक्क्यांच्या पुढे-मागे प्रथिन असतं. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाने ईटीएचसोबत शेंगदाणा आणि सूर्यफुलाच्या पेंडीवर हेच काम केलं आणि २०२२ मध्ये जाहीर केलं. त्यांचा हिशेब असा: लिटरला ०.४ मिलिग्रॅम शिसं असलेला ऑलिम्पिक आकाराचा तलाव पिण्याजोगा करायला तत्त्वतः १६ किलो सूर्यफूल-प्रथिन पुरेल. तलावात २५ लाख लिटर पाणी धरलं तर एकूण शिसं झालं १ किलो, म्हणजे ग्रॅमभर प्रथिनाने सुमारे ६२ मिलिग्रॅम शिसं धरलं. आकडा चांगलाच आहे, पण तो शिशाचा. निकेलला हेच प्रथिन बरंच कमी पकडतं, म्हणून तो आकडा उचलून टाकीचं माप काढायचं नाही.

खालची पद्धत रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या निकेल प्लेटिंग (धातूवर निकेलचा मुलामा) युनिटला समोर ठेवून लिहिली आहे: दिवसाला २,००० लिटर रिन्सचं, म्हणजे मुलामा दिलेला माल धुतलेलं पाणी, साधी ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा), एक पीएच मीटर आणि केमिस्टचं थोडं ज्ञान.

आधी नेहमीची प्रक्रिया, मग प्रथिन

रिन्सच्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम निकेल आहे असं समजा. २,००० लिटरचे १२० ग्रॅम झाले. पुढे सांगितलेलं प्रथिन-कोळसा मिश्रण ग्रॅमला ८ मिलिग्रॅम धरत असेल, तर रोज १५ किलो मिश्रण लागेल. हा धंदा परवडणार नाही. तेच पाणी आधी कॉस्टिक सोड्याने पीएच १०.२ च्या आसपास नेऊन निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ बसवला आणि वरच्या पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम उरलं, तर ते १ वर आणायला दिवसाला फक्त ६ ग्रॅम निकेल धरायचं राहतं. त्याला ७५० ग्रॅम मिश्रण पुरतं आणि त्यात प्रथिन असतं १२५ ग्रॅम. नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्याला निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. हायड्रॉक्साइडची टाकी नीट चालली तर ती कशीबशी गाठते, एखाद्या दिवशी चुकते. प्रथिनाची जागा या शेवटच्या टप्प्यात आहे.

इथे एक चूक हमखास होते. गाळ बसलेलं पाणी नीट न गाळताच लोक पुढच्या टाकीत घेतात आणि पीएच ६ वर आणतात. पाण्यात तरंगत राहिलेले हायड्रॉक्साइडचे बारीक कण त्या पीएचला पुन्हा विरघळतात आणि ४ चे १५ मिलिग्रॅम होतात. मग दोष प्रथिनाला. पीएच खाली आणण्याआधी पाणी ५ मायक्रॉनच्या बॅग फिल्टरमधून काढाच, आणि गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरून पाहा. हिरवट धूसरपणा दिसला तर फिल्टरची पिशवी फाटली आहे किंवा तिची कड नीट बसलेली नाही.

क्रोमची लाइन असेल तर तिचं पाणी वेगळं ठेवा. सहा-संयुजी क्रोमियम आधी पीएच २ ते २.५ ला सोडियम मेटाबायसल्फाइटने तीन-संयुजीवर उतरवावं लागतं. हिशेबाने १ ग्रॅम क्रोमियमला २.७४ ग्रॅम मेटा लागतो. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण थोडा हवेतच जातो. रंग पिवळ्याचा हिरवट झाला की मग पीएच ८ ते ८.५.

सायनाइडच्या बाथचं (मुलाम्याच्या टाकीचं) पाणी या कामात चुकूनही आणू नका. त्यात अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर जातो. आधी क्लोरीनने सायनाइड नष्ट करायचं, पाण्यात क्लोरीन उरला असेल तर तोही मारायचा, मगच हे पाणी पुढे. उरलेला क्लोरीन प्रथिनातले गंधकाचे गट जाळतो आणि धातू धरायला त्यांचीच गरज असते.

इलेक्ट्रोलेस, म्हणजे विजेशिवाय चढवलेल्या निकेलचं पाणीही बाजूला काढा. त्यातल्या सायट्रेट, अमोनियाने निकेल आधीच मुठीत धरलेलं असतं. प्रथिनाला ते सोडवता येत नाही.

माल निवडणे

पेंड घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, रंग. सॉल्व्हंट उडवण्यासाठी पेंड भाजतात. जास्त भाजलेली तपकिरी पेंड जनावरांना चालते, पण तिच्यातलं प्रथिन पाण्यात उतरत नाही. फिकट पिवळसर माल घ्या. दुसरी, बुरशी. शेंगदाण्याच्या पेंडीवर अफ्लाटॉक्सिन करणारी बुरशी सहज धरते, आणि पावसाळ्यात तर हमखास. गुठळ्या, हिरवट डाग, कुबट वास असलेलं पोतं परत करा. चाळताना एन-९५ मास्क लावा. घाण्याची पेंड स्वस्त वाटते, पण तिच्यात तेल असतं आणि तेलाने सगळ्या पायऱ्यांत दुधाळ पायस होतो. गाळणी तुंबते, गाळ तळाला बसत नाही. सूर्यफुलाची पेंड अल्कलीत हिरवी पडते, कारण तिच्यातलं क्लोरोजेनिक अ‍ॅसिड. रंगाने घाबरायचं कारण नाही, पण पीएच ९ च्या वर नेऊ नका.

पाणी आरओचं घ्या. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी मऊ असतं आणि पेंड भिजवायला चालून जातं, पण खाडीजवळच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको. तंतू बनताना क्षार हा मोठा शत्रू आहे.

प्रथिन काढणे

१ किलो डीओसी आट्याइतकी बारीक दळा आणि चाळून घ्या. १० लिटर पाण्यात घालून ढवळत राहा, तापमान ४० ते ४५ अंश. आता कॉस्टिकचं द्रावण, लिटरला ४० ग्रॅम, थोडं थोडं घालत पीएच ९.५ वर आणा. साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लागतं, पण प्रत्येक पोत्याचा हिशेब वेगळा; बघायचं ते मीटरकडे. पीएच दहा मिनिटांत खाली घसरतो, म्हणून तासभर ढवळताना चार-पाच वेळा दुरुस्त करा. १०.५ च्या वर नेलं तर प्रथिन जास्त निघतं खरं, पण त्याबरोबर रंग आणि चिकटपणाही येतो आणि सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल बिघडतं.

मग दुपदरी मलमलीतून पिळून घ्या. चोथा टाकू नका. तो पुन्हा ५ लिटर पाण्यात त्याच पीएचला अर्धा तास ढवळून पिळला तर आणखी थोडं हाती लागतं. दोन्ही द्रव एकत्र करून तासभर स्थिर ठेवा आणि तळाचा राखाडी साका सोडून वरचं ओता.

आता अ‍ॅसिड. बाजारी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक भाग नऊ भाग पाण्यात ओता. अ‍ॅसिड पाण्यात, उलट कधीही नाही. हे द्रावण हळूहळू घालत पीएच ४.५ करा. ५ च्या आसपास द्रव एकदम दाट पांढरा होतो आणि ४.५ ला प्रथिनाचा चोथा आणि पाणी वेगळं दिसू लागतं, जसं दूध फाटताना दिसतं. हा आकडा महत्त्वाचा: इथे प्रथिनावरचा धन आणि ऋण विद्युतभार समसमान होतो आणि ते एकमेकाला धरून खाली बसतं. घाईत ३.५ पर्यंत गेलात तर ते पुन्हा विरघळू लागतं. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, वरचं पाणी काढून टाका आणि पीएच ४.५ केलेल्या आरओच्या पाण्याने हा प्रथिनाचा चोथा दोनदा, जमलं तर तीनदा धुवा. धुण्यात कंजूषपणा केला की कॉस्टिक आणि अ‍ॅसिडपासून झालेलं मीठ आत राहतं, आणि पुढची पायरी तिथेच फसते. धुवणाचं पाणी ईटीपीत गेल्यावर सीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय भार, वाढवतं, हेही धरून चाला.

किलोमागे कोरडं प्रथिन १५० ते २५० ग्रॅम मिळालं तर काम बरं झालं असं समजा. १०० च्या खाली आलं तर पेंड जास्त भाजलेली आहे. चोथ्यात नक्की किती प्रथिन आहे ते अंदाजाने ठरवू नका: १० ग्रॅम ओला चोथा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. २.२ ग्रॅम उरला तर घनभाग २२ टक्के.

तंतू करणे

प्रथिनाचे लांब तंतू, ज्यांना अमायलॉइड म्हणतात, केले की त्याचं क्षेत्रफळ वाढतं, ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि कोळशावर घट्ट बसतं. लिटरला २० ग्रॅम कोरडं प्रथिन हे प्रमाण ठेवा. घनभाग २२ टक्के असेल तर ९१ ग्रॅम ओला चोथा सुमारे ९०० मिलिलिटर आरओ पाण्यात फेटा आणि अ‍ॅसिड घालत पीएच २.० वर आणा. चोथा विरघळून द्रव धुरकट होईल. न विरघळलेले कण बारीक कापडातून काढा आणि मग एक लिटर पुरं करा.

झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बाटलीत भरून ९० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, आत मंद ढवळणी, मिनिटाला १५० ते २०० फेरे. निवळीच्या प्रथिनाला पाच तास पुरतात. पेंडीच्या प्रथिनाला दहा ते वीस तास द्या. पीएच २ आणि ९० अंशांत प्रथिन तुटून लहान तुकडे होतात आणि तेच तुकडे ओळीने जुळून तंतू बनतात, म्हणून वेळ लागतो. मधेच वीज गेली तर घाबरू नका: द्रव निवला तरी पीएच तोच असेल तर पुन्हा तापवून उरलेले तास पुरे करता येतात. पीएच ३ च्या वर सरकला असेल, किंवा मीठ राहिलं असेल, तर मात्र सकाळी बाटलीत तंतूंऐवजी शेवयांसारखा पांढरा गोळा सापडतो. तो परत सुधारत नाही, टाकून द्या.

तंतू झाले की नाही हे ओळखायला प्रयोगशाळेत थायोफ्लेविन-टी हा रंग वापरतात. ते नसेल तर भंगारातल्या एलसीडी मॉनिटरवरची पोलरायझरची पारदर्शक पट्टी मिळवा आणि तिचे दोन तुकडे करा. एक तुकडा दुसऱ्यावर आडवा फिरवत नेला की मधून अंधार होतो. त्या अंधाऱ्या जागेत द्रवाची छोटी बाटली धरा, मागून मोबाईलचा दिवा लावा आणि बाटली मनगटाने गरकन फिरवा. तंतू असतील तर फिरत्या द्रवात पांढरे चमकते फराटे दिसतात आणि बाटली थांबली की विझतात. साध्या प्रथिनात काळोख काळोखच राहतो. ही पाच सेकंदांची परीक्षा प्रत्येक खेपेला करा, पुढचा कोळसा वाचतो. बाटली बर्फाच्या पाण्यात निववा. हाच पीएच राखून फ्रिजमध्ये ती काही आठवडे टिकते.

कोळशावर बसवणे

नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा, पूड स्वरूपात, २०० ते ३२५ मेश, अ‍ॅसिडने धुतलेला. एक लिटर तंतूच्या द्रवाला १०० ग्रॅम. अर्धा तास ढवळा, मग पातळ कॉस्टिक थेंब-थेंब घालत पीएच ६.५ वर या. वाटेत ४.५ ते ५ दरम्यान द्रव एकदम निवळतो, कारण तंतू गोळा होऊन कोळशावर बसतात. इथे दहा मिनिटं थांबणं फायद्याचं. कॉस्टिक धडकन ओतलं तर एका कोपऱ्यात पीएच १० होतो, तिथले तंतू सुटतात आणि तेच पुढे पाण्यात वाहत राहतात.

आरओच्या पाण्याने धुवत राहा. धुवणाची वाहकता २०० मायक्रोसिमेन्सच्या खाली आली की थांबा. शेवटचं धुवण बाटलीत घालून जोरात हलवा: मिनिटभरानेही फेस टिकला तर प्रथिन सुटतं आहे, आणखी धुवा. असं मिश्रण निकेल पकडतं आणि सीओडीमध्ये नापास करतं. ग्रॅमभर प्रथिन पाण्यात गेलं की सव्वा-दीड ग्रॅमाच्या आसपास सीओडी वाढतो. वाळवायचं तर ४५-५० अंशांवर, पातळ थरात. जास्त गरम केलं तर कडक खपली होते. आपल्याकडच्या जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की उघडं ठेवलेलं मिश्रण आठवड्यात बुरशी धरतं, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

जार टेस्ट

टाकीचं माप काढायच्या आधी हे करायचंच. प्रत्येकी ५०० मिलिलिटरचे सात जार घ्या, पाणी तुमच्याच ईटीपीचं, गाळलेलं, पीएच ६. चार जारमध्ये लिटरला ०.५, १, २ आणि ४ ग्रॅम या प्रमाणात मिश्रण. पाचव्यात लिटरला २ ग्रॅम मिश्रण, पण पीएच ५. सहाव्यात तितकाच नुसता कोळसा. सातव्यात काही नाही. हे शेवटचे दोन वगळले तर जार टेस्टला अर्थ उरत नाही, कारण नुसत्या पीएच बदलाने किंवा नुसत्या कोळशाने किती गेलं ते कळत नाही. तासभर ढवळा, शेवटी पीएच पुन्हा मोजा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, नायट्रिक अ‍ॅसिडने पीएच २ च्या खाली नेऊन एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबला आयसीपीसाठी, म्हणजे यंत्रावर धातू मोजायला, पाठवा.

पीएच ६ च का? खालच्या पीएचला प्रथिनाच्या कार्बॉक्सिल आणि हिस्टिडिनच्या जागा हायड्रोजनने अडवलेल्या असतात, वरच्या पीएचला निकेल स्वतःच गाळ होऊ लागतं आणि तुम्हाला वाटतं प्रथिनाने पकडलं.

ग्रॅममागे धरलेलं निकेल काढताना लक्षात ठेवा: जितकं स्वच्छ पाणी हवं तितकी ही क्षमता घटते. ४ वरून २ वर आणताना मिळालेला आकडा ४ वरून ०.५ साठी चालत नाही. तुम्हाला बाहेर जेवढं हवं आहे, तेवढंच ज्या जारमध्ये उरलं तिथला आकडा घ्या आणि तो तीस टक्के कमी धरा, कारण खऱ्या पाण्यात कॅल्शियम, ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन), साबण सगळंच जागा अडवतं.

रोजच्या तपासासाठी डायमिथाइलग्लायऑक्झिमचं एक टक्का अल्कोहोलमधलं द्रावण ठेवा. गाळण कागदावर पाण्याचा थेंब, त्यावर द्रावणाचा थेंब, मग कागद अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरा. निकेल असेल तर स्ट्रॉबेरीसारखा गुलाबी ठिपका उमटतो. हा अंदाज आहे, अहवाल नव्हे. पण मिश्रण संपत आलं की हा ठिपका आधी सांगतो.

रोजची खेप

२,००० लिटरच्या टाकीत गाळलेलं पाणी, पातळ सल्फ्युरिकने पीएच ६ ते ६.५. मिश्रण बादलीभर पाण्यात कालवून मग टाका. कोरडी पूड वरच तरंगते. तासभर मध्यम वेगाने ढवळा. पूड गाळताना छोटा फिल्टर प्रेस उत्तम, नसेल तर १ मायक्रॉनची बॅग, पण बॅगवर आधी थोडी पूड फिरवून थर बसू द्या, पहिले ५०-१०० लिटर काळसर येतात ते परत टाकीत घ्या.

वापरलेली पूड फेकायच्या आधी एकदा आणखी वापरता येते: आजची पूड उद्याच्या ताज्या पाण्यात आधी अर्धा तास फिरवायची, गाळायची, मग नवी. थोडं कष्टाचं, पण मिश्रण बरंच वाचतं. पीएच २ च्या पातळ अ‍ॅसिडने निकेल सोडवून पूड पुन्हा वापरणंही जमतं. सुटलेलं घट्ट पाणी हायड्रॉक्साइडच्या टाकीत जातं. प्रत्येक फेरीला क्षमता थोडी पडते. जार टेस्टने पाहून थांबा.

एवढं करायचं नसेल तर कोंबडीची पिसं

पिसं म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, त्यात सिस्टीन भरपूर. चिकनच्या दुकानातून आणलेली पिसं त्याच दिवशी साबण आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा. ब्लीच नको, कारण वर क्लोरीनचं सांगितलं तेच इथेही. वाळवून सेंटीमीटरभर कापा, लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिकच्या पाण्यात खोलीच्या तापमानाला दीड तास भिजवा, पीएच ७ येईपर्यंत धुवा. जास्त कॉस्टिक किंवा उष्णता दिली तर पिसांची लापशी होते. २०० लिटरच्या ड्रममध्ये १६० लिटर जागेत साधारण ८ किलो दाबून भरा, वर-खाली जाळी, पाणी खालून वर. तासाला ३८० लिटर सोडलं तर पाणी पिसांत २५ मिनिटं राहतं आणि दिवसाचं काम सव्वापाच तासांत होतं. क्षमता कोळसा-तंतूंपेक्षा कमी आणि पाणी एकाच वाटेने पळण्याची खोड मोठी; खालून येणाऱ्या पाण्यात रंग टाकून प्रवाह एकदा तपासाच. सुट्टीत ड्रम पाण्याने भरून ठेवला तर दोन दिवसांत सडका वास येतो, म्हणून रिकामा करून निथळत ठेवा.

वापरलेल्या मालाचं काय

रोज ७५० ग्रॅमने २५ दिवसांचे पावणेएकोणीस किलो कोरडे, साठ टक्के ओलावा धरला तर ४७ किलो. हा निकेल असलेला घातक कचरा आहे, पेंडीचा असला तरी. जनावरांना नाही, खतात नाही, भट्टीत जाळायचा नाही. जाळला तर निकेलची बारीक धूळ हवेत जाते. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त ९० दिवस झाकून, लेबल लावून ठेवायचा आणि फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर तळोज्याच्या सामायिक केंद्रात पाठवायचा. ईटीपीत पायरी वाढवली की एमपीसीबीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, संमतीपत्रातल्या योजनेशी ती जुळवून घ्या, तपासणीच्या दिवशी समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

आणि हे पाणी पिण्याचं नाही. आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे इथल्या १ मिलिग्रॅमच्या पन्नासावा भाग. गाळलेलं पाणी पहिल्या रिन्सला, फरशी धुवायला वापरा. ब्राइट निकेलच्या आधीच्या शेवटच्या रिन्सला नको, त्यातलं सुटं प्रथिन बाथमध्ये जाऊन प्लेटिंगवर खड्डे पाडतं.